अनुभवाचा अधिकार

तत्त्वज्ञान हा शब्द उच्चारला की ब्रह्म, माया, मोक्ष असले गहन विषय डोळ्यांसमोर उभे राहतात. दिवसभर कचेरीत खपून संध्याकाळच्या गाडीने अंधेरीला किंवा मुलुंडला परतणाऱ्या माणसाला ह्या विषयांचे काय, असे वाटणे मग स्वाभाविकच होय. परंतु आपल्या देशातील तत्त्वचिंतक आज ज्या प्रश्नांवर वाद घालीत आहेत, त्यांतील एक प्रश्न आपल्या घरात, सोसायटीच्या बैठकीत आणि निवडणुकीच्या सभेत नित्य उपस्थित होत असतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याने ते भोगले त्यालाच, की विचार करू शकणाऱ्या कोणालाही? ह्या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे मंथन झाले त्याची ओळख करून देणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. हे मंथन बहुतांशी इंग्रजीत झाले असले तरी त्याची मुळे महाराष्ट्रात खोलवर गेलेली आहेत.

आपल्याकडे एक म्हण आहे : ज्याचे जळते त्याला कळते. ह्या म्हणीचे दोन अर्थ होऊ शकतात. भोगणाऱ्याला जे कळते ते दुरून पाहणाऱ्याला तसेच्या तसे कळत नाही, हा पहिला अर्थ. तो कोणीही मान्य करील. दुसरा अर्थ असा की, ज्याचे जळत नाही त्याने तोंड उघडूच नये. हा अर्थ स्वीकारला तर न्यायाधीश, वैद्य, कायदे करणारे प्रतिनिधी आणि वर्गात समाजशास्त्र शिकविणारे प्राध्यापक, ह्या सर्वांनाच गप्प बसावे लागेल. उलट, पहिला अर्थ विसरला तर भोगणारा बाजूला राहतो आणि त्याच्या दुःखावर दुसऱ्यांचीच विद्वत्ता पोसली जाते. खरी अडचण ह्या दोन टोकांच्या मध्ये आहे.

ह्या अडचणीला आजच्या काळात धारदार रूप दिले ते गोपाळ गुरू यांनी. ते राज्यशास्त्राचे अभ्यासक; पुणे विद्यापीठात आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. २००२ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' ह्या साप्ताहिकात त्यांनी एक लेख लिहिला. भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, असा त्याचा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या शास्त्रांत एक नवी वर्णव्यवस्था निर्माण झाली आहे. काहींनी माहिती पुरवावी, आपल्या वस्तीची, उपासमारीची, अपमानाची हकीगत सांगावी. आणि दुसऱ्या काहींनी त्या माहितीवरून सिद्धान्त रचावेत. न्यायालयाची उपमा द्यायची तर दलित मनुष्य नेहमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा, आणि निकालपत्र लिहिणारा नेहमी दुसराच.

गुरूंनी ह्या लेखात स्वकीयांनाही सोडलेले नाही. कविता आणि आत्मकथन ह्यांची शक्ती मोठी असली तरी ती सिद्धान्ताची जागा घेऊ शकत नाहीत. विशिष्टातून सार्वत्रिकाकडे जाण्याचे कष्ट दलित अभ्यासकांनी टाळू नयेत, असा त्यांचा आग्रह आहे. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर आत्मकथनांचा एक ओघच मराठीत आला. आपण ती वाचली, हळहळलो, त्यांचा गौरवही केला. परंतु त्या लेखकांकडून आपण बहुधा अनुभवच मागितला. लोकशाही म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, हे त्यांना क्वचितच विचारले.

गुरूंच्या लेखाला २००७ साली त्याच साप्ताहिकात सविस्तर प्रतिसाद दिला तो सुंदर सरुक्काई यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळलेले. भोगलेला अनुभव म्हणजे नेमके काय, असा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला. त्याचे उत्तर आपल्या उपनगरातील एका उदाहरणाने समजून घेता येईल. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत पाण्याचे हंडे चढावरून वाहून नेणारी स्त्री आणि तिच्यासोबत आठ दिवस राहून हंडे वाहणारा एखादा अभ्यासक, ह्या दोघांचे खांदे सारखेच दुखतील. तरीही दोघांचा अनुभव एक नाही. अभ्यासकाला नवव्या दिवशी खाली उतरता येते, आणि आपण उतरू शकतो हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्या स्त्रीला तो पर्याय नाही. भोगलेल्या अनुभवाचे मर्म ह्या सुटकेच्या अभावात आहे, असे सरुक्काई म्हणतात. म्हणून अनुभवाचा धनी आणि अनुभवाचा कर्ता ह्यांत ते भेद करतात. जो भोगतो तो आपल्या अनुभवाचा धनी खरा, पण तो अनुभव त्याने रचलेला नसतो. तो त्याच्यावर येऊन पडलेला असतो. अशा अनुभवाविषयी दुसऱ्याने सिद्धान्त मांडणे हा केवळ बुद्धीचा विषय राहत नाही, त्यात नीतीचा प्रश्न येतो. ह्या दोघांचा वाद पुढे 'द क्रॅक्ड मिरर', म्हणजे तडा गेलेला आरसा, ह्या नावाने २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रतिपक्षाशी वाद घालता घालता त्याच्याबरोबरच ग्रंथ लिहावा, हा प्रकार आपल्याकडे विरळाच म्हणावा लागेल.

सरुक्काई यांचा आणखी एक विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्यतेचा शोध घ्यावयाचा तर तो कोठे घ्यावा? आपण सारे एकदम दलित वस्तीकडे बोट दाखवू. २००९ सालच्या एका लेखात त्यांनी हे बोट उलट दिशेने वळविले. स्पर्श ही दुहेरी क्रिया आहे. मी स्पर्श करतो तेव्हा मलाही स्पर्श होतो. म्हणून दुसऱ्याला न शिवण्याचा नियम जो पाळतो तो स्वतःच्याच एका इंद्रियाला बांधून टाकतो. मराठी माणसाला हे समजण्यासाठी परदेशी ग्रंथांची गरज नाही. 'सोवळे' हा एक शब्द पुरे. सोवळ्यातला मनुष्यही कोणी शिवू नये असाच असतो. मात्र त्याचे न शिवणे पवित्र ठरते आणि दुसऱ्याचे अमंगळ. शिवाय त्याचे सोवळे काही वेळापुरते असते, आणि दुसऱ्याच्या माथी मारलेली अस्पृश्यता जन्मभराची. तेव्हा अस्पृश्यतेचा उगम न शिवणाऱ्याच्या ठिकाणी शोधला पाहिजे.

ह्यातून आपल्या मूळ प्रश्नाला एक निराळेच वळण मिळते. ज्याने अपमान भोगला नाही त्याच्यापाशी अनुभवच नाही, असे आपण गृहीत धरून चाललो होतो. ते बरोबर नाही. त्याच व्यवहाराची दुसरी बाजू त्याच्यापाशी असते. घरकामाच्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला कप, नोकरांसाठी निराळी लिफ्ट, घर भाड्याने देण्यापूर्वी सहज म्हणून विचारलेले आडनाव. ह्या गोष्टींचा अनुभव दोन्ही पक्षांना असतो. एक तो सोसतो, दुसरा तो घडवितो. मात्र सोसणाऱ्याने आत्मकथन लिहिले, आणि घडविणाऱ्याने आपल्या बाजूविषयी मौन पाळले.

उपनगरातल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. मासे-मटण खाता म्हणून जागा मिळणार नाही, असे उत्तर बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे अनेकांनी ऐकलेले आहे. ह्या उत्तराचा संताप येतो, आणि तो यावा. परंतु ह्या संतापाचे दोन उपयोग होऊ शकतात. केवळ आपल्यावरील अन्यायाचा हिशेब मांडणे हा एक; राजकीय पक्षांना तो सोयीचा असतो. दुसरा असा की, आपल्या आडनावामुळे ज्यांना हेच उत्तर पिढ्यान् पिढ्या मिळत आले, त्यांच्या स्थितीकडे जाण्याची वाट म्हणून ह्या अनुभवाकडे पाहणे. दोन्ही अनुभव समान आहेत असे मात्र समजू नये. एका इमारतीत नकार मिळालेल्याला पुढच्या इमारतीत बहुधा जागा मिळते. सुटकेचा तो मार्ग त्याच्यापाशी असतो. अनुभवांतील साम्य पाहताना हे अंतर विसरणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर आपला हक्क सांगण्यासारखे आहे.

भोगणाऱ्याने विचारही करावा, ही अपेक्षा महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. त्यात दुःखाची हकीगत आहेच. परंतु वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही, मग आमचा धर्म कोणता, हा त्यातील प्रश्न शुद्ध तर्काचा आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तीत स्त्रियांवर ठेवलेले दोष एकेक घेऊन पुरुषांना लावून पाहिले. ही तर वादाचीच पद्धत झाली. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. शाळेत, प्रवासात, पाणवठ्यावर जे भोगले त्यातला एकही प्रसंग त्यांनी त्यात सांगितला नाही. जातीबाहेर विवाह न करणे हेच जातिसंस्थेचे मर्म होय, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि त्याच्या बळावर प्रस्थापित पंडितांशी वाद घातला. पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाने साक्षीदाराचा पिंजरा नाकारला होता, असेच म्हटले पाहिजे.

दुसऱ्या बाजूने पाहता विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण आहे. जन्माने ते अस्पृश्य नव्हते. १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले, आणि 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ निघाला तो १९३३ साली. मधली सत्तावीस वर्षे कामाची होती. बाहेरच्या माणसाने सिद्धान्त मांडू नये असे ह्यावरून ठरत नाही; तो कोणत्या तयारीने मांडावा, हे मात्र दिसून येते.

पुण्याच्या विदुषी शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रियांच्या चळवळीसंबंधी लिहिताना एक धोका दाखवून दिला होता. ज्याचा अनुभव त्यानेच बोलावे, असे म्हणून बाकीचे मोकळे झाले तर तो आदर दिसतो खरा, पण ती जबाबदारी टाळण्याची सोपी युक्ती ठरते. 'तो त्यांचा प्रश्न' असे म्हटले की आपल्याला काही बदलावे लागत नाही. भोगणाऱ्यांच्या जागेवरून जग कसे दिसते हे शिकून आपला विचार नव्याने घडवावा, असे त्यांचे सांगणे होते.

कोणी म्हणेल की अनुभव आणि सिद्धान्त ह्यांच्या ह्या वादाने कोणाच्या घरी पाणी भरले? त्याला एक उत्तर आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रीला होणारा लैंगिक त्रास जुनाच. परंतु १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्त्रियांनी एकत्र बसून आपले अनुभव ताडून पाहिले आणि त्याला नाव दिले, तोपर्यंत तो ज्या त्या स्त्रीची खाजगी लाज होता. इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली ह्याच उदाहरणावरून असे दाखविले की, स्वतःचा अनुभव समजण्यासाठी शब्द उपलब्ध नसणे हाही एक अन्यायच होय. आपल्याकडे १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. अनुभवाला संकल्पना मिळाली, संकल्पनेला कायदा मिळाला. राजकारण आणि तत्त्वज्ञान ह्यांचा संबंध असा असतो.

आता सारांश सांगतो. भोगणाऱ्याला प्रथम ऐकून घेतले पाहिजे, आणि हकीगतीपाशी न थांबता त्याचा विचारही ऐकला पाहिजे. बाहेरच्याने बोलावे, परंतु स्वतःच्या बाजूचा अनुभव आधी तपासावा, आणि ज्यांच्याविषयी बोलतो त्यांनी चूक दाखविली तर ती ऐकून घ्यावी.

ही कसोटी आपल्या व्याख्यानमालांनाही लावता येईल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून लोकशिक्षण हा तिचा हेतू मानला गेला आहे. दलित वक्त्याला बोलावताना आपण त्याला बहुधा 'माझी जडणघडण' हा विषय देतो. पुढील वसंतात त्याला कांटच्या नीतिशास्त्रावर, रिझर्व्ह बँकेच्या धोरणावर किंवा ज्ञानेश्वरीवर बोलावयास सांगावे. आणि सोवळ्याच्या इतिहासावर बोलण्यासाठी, ज्यांच्या घरी ते पाळले गेले त्यांच्यापैकी कोणाला तरी पाचारण करावे.