सुटे भाग घेताना जाणकाराचा सल्ला

पाणीपुरवठ्याचा टँकर, शाळेची बस, रुग्णवाहिका, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ही वाहने आज ग्रामीण जीवनाची गरज बनली आहेत. त्यांचे सुटे भाग मात्र बहुधा वाहन बंद पडल्यावर, घाईघाईने घेतले जातात. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा निकृष्ट भाग बसविला गेल्यास पैसा तर वाया जातोच, शिवाय प्रवाशांचे प्राणही धोक्यात येतात. म्हणून खरेदीपूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

दिसावयास सारखे असणारे भाग मापाने सारखे असतातच असे नाही. ६२०५ आणि ६३०५ या दोन्ही क्रमांकांच्या बेअरिंगचे आतील छिद्र २५ मिलिमीटरचे असते. परंतु पहिल्याचा बाहेरील व्यास ५२, तर दुसऱ्याचा ६२ मिलिमीटर असतो. केवळ छिद्र मोजून बेअरिंग मागणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच.

असा जाणकार कोठे मिळेल? वाहन कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र हे पहिले ठिकाण होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार व ट्रॅक्टर मेकॅनिक व्यवसायांचे शिल्पनिदेशक, तसेच एस. टी. आगारांतून निवृत्त झालेले यांत्रिक कारागीर यांचे मार्गदर्शनही मोलाचे ठरते. मात्र सल्ला देणाऱ्याचा त्या विक्रीत हितसंबंध नसावा, हे आवर्जून पाहावे.

सल्ला घेण्यास जाताना वाहनाचे नोंदणीपत्र व काढलेला जुना भाग सोबत न्यावा. एकाच नावाच्या वाहनात वर्षागणिक बदल होतात. चासी क्रमांकावरून नेमका भाग निश्चित करता येतो. टायरवर आय. एस. आय. चिन्ह असावे. त्यावरील चार अंकी संख्या निर्मितीचा काळ दर्शविते. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा.

भागाचा क्रमांक नमूद केलेली पक्की पावती अवश्य घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष मालाबाबत साधारणतः दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते व तेथे ही पावती महत्त्वाचा पुरावा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्रामपंचायतींनी व शाळांनी आपल्या प्रत्येक वाहनाची नोंदवही ठेवून बदललेल्या भागाचा क्रमांक, दिनांक व पावती तीत नोंदवावी. पुढील खरेदीच्या वेळी ही नोंदवहीच जाणकाराला उपयोगी पडेल.