थंड नदी, तापलेली नदी आणि बाटलीतलं पाणी

ग्वाल्हेरच्या फुलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीजवळून वाहणारी स्वर्णरेखा आज नावापुरतीच नदी. तळ काँक्रीटचा, पाणी सांडपाण्याचं.

नदी किती नासली हे बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणी सांगते. नमुना बाटलीत काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडाही राहू न देता अंधारात ठेवतात. घाण फस्त करताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला, ते मोजायचं. मूळ पद्धत २० अंशांवर ५ दिवसांची. भारतीय मानक २७ अंशांवर ३ दिवसांचं. उन्हाळ्यात पंचेचाळिशी गाठणाऱ्या ग्वाल्हेरला २० अंश म्हणजे चैनच!

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरूनच नदीची पारख केली, तर थंड प्रदेशात मात्र फसगत होते. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. त्यामुळे भरपूर ऑक्सिजन म्हणजे स्वच्छ नदी, असं तिथे म्हणता येत नाही.

थंड प्रदेशातल्या नद्याही नासतातच: २०२० मध्ये सायबेरियात नोरिल्स्कच्या वीजकेंद्राची टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं. त्याने लालभडक झालेली अंबार्नाया नदी थेट उपग्रहांनीच टिपली.