अधिवासाचा दाखला आणि मुलांची कॉलेजची फी



दहावी-बारावीचे निकाल लागले की गट कार्यालयात उसापेक्षा दाखल्यांचीच चौकशी जास्त होते. बिरवाडी, महाड, पोलादपूर भागातील सभासद तर हमखास विचारतात, "साहेब, सातबारा माझ्या नावचा, कारखान्याचा शेअर वडिलांच्या नावचा, मग पोराला परराज्यातला का धरतात?" प्रश्न रास्त आहे. या भागातील घरटी एखादा माणूस पोटासाठी बाहेर असतो. तो मुंबई-पुण्याला असेल तर काही बिघडत नाही, कारण राज्य एकच. पण सुरत, बडोद्याकडे बिऱ्हाड असेल आणि मुले तिकडच्या शाळेत असतील, तर प्रवेशाच्या वेळी अडचण उभी राहते. म्हणून या अंकात बेणे आणि खते बाजूला ठेवून याविषयी लिहीत आहोत.

पहिला घोळ कागदांचा आहे. सातबारा जमिनीचा हक्क सांगतो, माणूस कुठे राहतो ते सांगत नाही. शेअर सर्टिफिकेटचेही तसेच. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आज तुम्ही गावात राहता एवढेच सांगतो. कॉलेजला हवा असतो तो तहसील कार्यालयातून मिळणारा 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' नावाचा कागद. बोलताना लोक त्याला डोमिसाईल म्हणतात. बाकीचे कागद हा दाखला काढण्यासाठी पुरावे म्हणून जोडायचे असतात, ते त्याची जागा घेत नाहीत.

राज्याने आपल्या आणि बाहेरच्या मुलांत असा भेद करावा का, हा वाद फार जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्यभारत राज्यातील रहिवासी मुलांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र १,३०० किंवा १,५०० रुपये भरावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, पण राहण्याच्या ठिकाणावरून फीमध्ये फरक करता येतो. पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात त्याच कोर्टाने सांगितले, की कायद्याने अधिवास एकच, तो भारताचा; राज्ये ज्याला अधिवास म्हणतात तो खरे तर रहिवास आहे. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी रहिवासाचे आरक्षण कोर्टाने घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएस आणि इंजिनिअरिंगला मात्र राज्याच्या जागा अजून आहेत, आणि आपल्या मुलांचा संबंध मुख्यतः त्यांच्याशीच येतो.

आता 'रहिवास' म्हणजे किती वर्षांचा? अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या विद्यापीठांत एक वर्ष राहिल्याचे सिद्ध केले की स्थानिक फी लागू होते. आपल्याकडे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य दाखवावे लागते. हे 'दाखवावे लागते' फार महत्त्वाचे आहे. गावातल्या सगळ्यांना ठाऊक असून भागत नाही, कागद लागतो. शाळेचे बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव, तलाठ्याचा दाखला, असे कागद वर्षावर्षाला जोडत गेले की पंधरा वर्षे उभी राहतात. मधली चार वर्षे रिकामी असली तर कारकून तिथेच बोट ठेवतो, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

पण खरी मेख दुसरीकडेच आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. अधिवासाचा दाखला हातात असला तरी मूल दहावी-बारावी कुठे झाले, हा वेगळा प्रश्न विचारला जातो. एमबीबीएसच्या राज्य कोट्यातील ८५ टक्के जागांसाठी साधारण नियम असा, की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजातून झालेली असावी आणि शिवाय अधिवासही असावा. यातील सवलती मुख्यतः सरकारी नोकरांच्या मुलांसाठी आहेत. म्हणजे मुलगी सुरतेत दहावी झाली आणि अकरावीला बिरवाडीस आजीकडे आली, तर बापाची जमीन सात पिढ्यांची असली तरी तो दरवाजा बहुधा बंद होतो. तिला उरतात त्या देशपातळीवरील १५ टक्के जागा.

इंजिनिअरिंगचे नियम यापेक्षा सैल आहेत. दोन्ही परीक्षा महाराष्ट्रात झाल्या असतील आणि अधिवास किंवा जन्म इथला असेल तर मूल 'अ' प्रकारात बसते. परीक्षा बाहेर झाली असली तरी मुलाचा स्वतःचा, नाहीतर आईचा किंवा बापाचा अधिवास महाराष्ट्राचा असला की 'ब' प्रकारात येते. बाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी हे नीट लक्षात ठेवावे. गावी राहिलेल्या आईच्या नावाचा दाखलाही इथे कामी येतो. सीमाभागातील मराठी मुलांसाठी वेगळा प्रकार ठेवला आहे, तो आम्हांला न्याय्य वाटतो.

उसाची नोंद लागणीच्या वेळी करतात, तोडणीच्या वेळी कुणी नोंद मागायला आला तर आम्ही काय करणार? शाळेचेही तसेच समजा. निर्णय मूल आठवी-नववीत असतानाच घ्यायचा असतो.

फीचा हिशेबही याच दाखल्यावर चालतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, खुल्या प्रवर्गातील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी, की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे, त्याचीही चौकशी करावी.

अर्ज सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात करता येतो. बिरवाडीकरांचे तहसील महाड, पोलादपूरकरांचे पोलादपूर. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणा चालते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू असून या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील होते. अर्जाची पोच जपून ठेवा, पोच नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड आणि परिसरातील अनेक घरांचे कागद चिखलात गेले. त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. शाळा आपल्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत देते, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, वीज ग्राहक क्रमांकावरून जुन्या बिलांचा तपशील काढता येतो. हेलपाटे पडतात हे खरे, म्हणून जूनमधल्या गर्दीत शिरण्यापेक्षा दिवाळीनंतर सवडीने हे काम उरकावे. अधिवासाचा दाखला एकदा काढला की वर्षावर्षाला काढावा लागत नाही. उत्पन्नाचा मात्र मुदतीचा असतो, तो प्रवेशाच्या वर्षी नवीनच लागतो.

त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ऊसबिलाचा तपशील लागला तर सभासद क्रमांक आणि हंगाम लिहून गट कार्यालयात अर्ज द्यावा. कुटुंबात दोन-तीन खात्यांवर ऊस जात असेल तर आई-वडिलांची खाती कोणती, ते अर्जात स्पष्ट लिहावे. भावाच्या खात्यावरचे बिल चुकून तुमच्या उत्पन्नात धरले गेले तर आठ लाखांची मर्यादा नाहक ओलांडली जाते.

— ऊस विकास अधिकारी