आगगाडींतील बिनबोभाट तक्रार

सन १८४५ च्या जानेवारीची पहिली तारीख. लंडनच्या पश्चिमेस सुमारें अठरा मैलांवर असलेल्या स्लाऊ या गांवाजवळ एका स्त्रीचा विषप्रयोगानें खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो गृहस्थ स्टेशनावर आला आणि सायंकाळीं ७ वाजून ४२ मिनिटांच्या गाडीनें, पहिल्या वर्गाचें तिकीट काढून, लंडनकडे निघून गेला. त्या काळीं धांवत्या आगगाडीस गांठील असें दुसरें वाहन भूतलावर नव्हतें. परंतु स्लाऊच्या स्टेशनांत तारायंत्र होतें. संशयित इसम क्वेकर पंथाच्या लोकांसारखा लांब तपकिरी कोट घालून अमुक डब्याच्या शेवटच्या खान्यांत बसला आहे, असा मजकूर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनास रवाना झाला. त्या यंत्रांत 'क्यू' या इंग्रजी अक्षरास खूणच नव्हती. म्हणून 'क्वेकर' हा शब्द 'के' अक्षर घालून लिहावा लागला आणि पलीकडचा कारकून प्रथम बुचकळ्यांत पडला. तरीहि गाडी पोहोंचली तेव्हां तिची वाट पाहणारा पोलीस हजर होता. जॉन टॉवेल नांवाचा तो इसम दुसऱ्या दिवशीं पकडला गेला आणि मार्च महिन्यांत फांसावर चढला.

उतारूविषयींचा मजकूर गाडीच्या पुढें धांवतो ही कल्पना अशी पावणेदोनशें वर्षांहून अधिक जुनी आहे. नवें आहे तें एवढेंच कीं, आज हा मजकूर स्टेशनावरचा अधिकारी पाठवीत नाहीं; गाडींत बसलेला उतारू स्वतःच तो आपल्या मोबाईलवरून पाठवितो. पण ही 'एवढीच' गोष्ट घडून येण्यापूर्वीं उतारूंनीं काय सोसलें, तें पाहिल्याखेरीज तिचें मोल कळावयाचें नाहीं.

इंग्लंडांतील जुन्या गाड्यांचे डबे म्हणजे एकमेकांशीं संबंध नसलेल्या बंद खोल्याच होत्या. दारें दोन्ही अंगांस, फलाटाकडे उघडणारीं. एका खान्यांतून दुसऱ्या खान्यांत जाण्यास वाट नाहीं. गाडी सुटली कीं पुढचें स्टेशन येईपर्यंत आंतल्या माणसांस एकमेकांची संगत, मग ती सज्जनाची असो वा दुर्जनाची. ९ जुलै १८६४ च्या रात्रीं टॉमस ब्रिग्ज नांवाच्या बँकेंतील एका वृद्ध अधिकाऱ्यास लंडनच्या उपनगरी गाडींत अशाच एका खान्यांत जबर मारहाण झाली आणि त्याला रुळांवर फेकून देण्यांत आलें. इंग्लंडच्या आगगाडींत झालेला हा पहिला खून मानला जातो. मारेकरी फ्रान्झ म्यूलर जहाजानें अमेरिकेस पळाला. पोलीस त्याहून वेगवान आगबोटीनें आधींच जाऊन पोहोंचले. म्यूलरला फांशी झाली, पण लोकांच्या मनांतील भीति गेली नाहीं. शेवटीं सन १८६८ च्या कायद्यानें, उतारूस गार्डाशीं संपर्क साधतां यावा अशी कांहीं योजना गाडींत असलीच पाहिजे, असें ठरलें. आपल्या परिचयाच्या सांखळीचें हें मूळ. गंमत अशी कीं, हा कायदा वीस मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या गाड्यांपुरताच होता. ज्या गाडींत ब्रिग्जचा बळी गेला, तिला तो लागूच पडला नसता! कारणावांचून सांखळी ओढणारास पांच पौंडांपर्यंत दंड मात्र त्याच कायद्यानें बसविला.

सांखळीनें अनेकांचे प्राण वांचविले असतील यांत शंका नाहीं. पण सांखळी ओढणें म्हणजे सबंध गाडीच्या देखत ओरडणें. कोणी ओढली, कां ओढली, कोणाविरुद्ध ओढली, हें सर्वांस त्याच क्षणीं कळतें; ज्याच्याविरुद्ध ओढली त्याला तर सर्वांच्या आधीं कळतें. शिवाय खुनासारख्या प्रसंगीं माणूस सांखळीस हात घालील; पण शेजारीं बसलेला इसम मुद्दाम अंग घांसतो आहे, मद्याच्या धुंदींत कोणी एका मुलीस अचकटविचकट बोलतो आहे, परक्या वर्णाच्या प्रवाशास शिव्या देतो आहे, अशा वेळीं हजारों लोकांचा खोळंबा करण्यास कोण धजेल? 'एवढ्याशा गोष्टीसाठीं गाडी थांबविली' हे शब्द ऐकावे लागतील, या धास्तीनें बहुतेक माणसें, आणि विशेषतः स्त्रिया, खालीं मान घालून पुढच्या स्टेशनाची वाट पाहतात. लंडनच्या वाहतूक-संस्थेनें सन २०१३ मध्यें केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, प्रवासांत लैंगिक स्वरूपाचा त्रास झालेल्यांपैकीं दहांतील नऊ जणांनीं कोठेंहि तक्रार केलेली नव्हती. तेव्हां प्रश्न कायद्याचा नव्हता. तक्रार करण्याच्या रीतीचा होता.

ब्रिटनच्या रेल्वेसाठीं स्वतंत्र पोलीस-दल आहे. त्या दलानें सन २०१३ पासून ६१०१६ हा पांच आंकडी क्रमांक उतारूंच्या लघुसंदेशांकरितां ठेवला आहे. गाडींत जो तो आपापल्या मोबाईलमध्यें डोकें घालून बसलेला असतो. याबद्दल जुन्या पिढीची कुरकुर कितीहि असो, येथें तीच संवय उपयोगीं पडते. एखादी बाई घरीं 'भाजी आणूं का' म्हणून विचारते आहे कीं पोलिसांस संदेश धाडते आहे, हें समोरच्या उपद्रवी इसमास कळत नाहीं. ज्या तक्रारीला आवाज नाहीं ती करावयास धैर्यहि कमी लागतें. सन २०१५ मध्यें लंडनमध्यें या क्रमांकाचा प्रसार करण्यासाठीं एक लहानसा चित्रपट काढण्यांत आला. त्यांत भुयारी गाडींतील एका तरुणीकडे एक पुरुष प्रथम टक लावून पाहतो, मग जवळ सरकतो, मग स्पर्श करतो. आणि प्रत्येक पायरीला प्रेक्षकास विचारलें जातें कीं, आतां तरी तूं कळविशील काय? घडलें तो गुन्हाच होता किंवा तें मुद्दामच केलें, हें तक्रार करणाऱ्यानें सिद्ध करण्याची आवश्यकता नाहीं, असेंहि त्या मोहिमेंत आवर्जून सांगितलें होतें. शोध करणें हें पोलिसांचें काम.

संदेशांत काय असावें? टॉवेलच्या वेळच्या तारेंत जें होतें तेंच: कोणती गाडी, कोणत्या दिशेची, कोठून किती वाजतां सुटलेली, कितवा डबा आणि माणसाची ओळख पटेल असा पेहराव. 'एक माणूस त्रास देत आहे, लवकर या' एवढेंच लिहिलें तर धांवती गाडी कोठें गांठावी हें पोलिसांस कळणार कसें? डब्याच्या आंत त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो कळविल्यास त्याच डब्यांतील कॅमेऱ्याचें चित्रण पुढें शोधून काढणें सुलभ होतें. पलीकडून प्रश्न आले तर त्यांचीं उत्तरें तशींच मुकाट्यानें देतां येतात. त्या क्षणीं कांहींच करतां आलें नाहीं तर घरीं गेल्यावर संदेश पाठविला तरी चालतो. कारण एकच इसम रोज त्याच वेळच्या गाडींत तसाच वागत असेल, तर निरनिराळ्या उतारूंच्या चार संदेशांवरून तें उघडकीस येतें.

आपल्याकडेहि सांखळीची परंपरा तीच आहे. ती विनाकारण ओढल्यास सन १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४१ अन्वयें एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. भारतीय रेल्वेनें सुरक्षेसाठीं असलेला १८२ हा वेगळा क्रमांक सन २०२१ मध्यें १३९ या एकाच क्रमांकांत विलीन केला. तेथें बोलून तक्रार करतां येते, तशी लघुसंदेशानेंहि करतां येते. मुंबईच्या लोकलमध्यें संध्याकाळच्या गर्दींत, जेथें स्वतःचा हात स्वतःच्या खिशापर्यंत नेणें कठीण, तेथें संदेश कसा लिहावा असें कोणी विचारील. त्याचा प्रश्न अगदींच वावगा नाहीं.

या सोयीला एक नाजूक बाजू आहे. बिनबोभाट तक्रार करणें जितकें सोपें, तितकें ती बिनविचारानें करणेंहि सोपें. कोणी बांकावर पाय ठेवले, कोणी मोठ्यानें गाणीं लावलीं, तर तें रेल्वेच्या नोकरांस सांगावें. फाटक्या कपड्यांचा, स्वतःशींच पुटपुटणारा, किंवा केवळ निराळ्या वेषाचा मनुष्य डोळ्यांस खटकला, एवढ्यावरून त्याच्या मागें पोलीस लावणें हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यानें केलें काय, तें लिहावें. तो दिसतो कसा, हें फक्त ओळखीपुरतें. संदेश धाडणाऱ्याचा क्रमांक पोलिसांस दिसतो, हेंहि विसरूं नये. उलट पक्षीं कोणाच्या हातांत सुरी दिसली किंवा मारामारी जुंपली, तर लघुसंदेश लिहीत बसण्याची ती वेळ नव्हे. तेथें ब्रिटनमध्यें ९९९ हाच क्रमांक. लंडनच्या भुयारी गाडींत धोक्याची खूण ओढली आणि गाडीनें फलाट सोडलेला असला, तर चालक ती बोगद्यांत थांबवीत नाहीं. पुढच्या स्टेशनावरच नेतो, कारण मदत तेथेंच मिळावयाची असते.

या बोगद्यांनींच लघुसंदेशाचीहि बरीच वर्षें अडवणूक केली. सन २०१२ पासून लंडनच्या भुयारी स्टेशनांत बिनतारी जाळें आलें. पण दोन स्टेशनांमधील काळोखांत मोबाईल मुका होई. सन २०२० च्या मार्चमध्यें ज्युबिली मार्गाच्या पूर्वेकडील बोगद्यांत प्रथम मोबाईल चालूं लागला आणि मग हळूहळू इतर मार्गांत. जेथें अजून तो चालत नाहीं तेथें उतारू मजकूर लिहून ठेवतात, डब्याचा क्रमांक पुन्हां एकदां ताडून पाहतात, आणि खिडकीबाहेर फलाटाचे दिवे दिसूं लागले कीं पाठविण्याची कळ दाबतात.