एक्कावन्नाव्या साडीवरचा मोर

चोरी झाली आहे, पण चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी आहे. कुलूप तुटलेलं नाही, खिडकी फोडलेली नाही, आणि ज्याची वस्तू गेली त्याला महिनाभर पत्तासुद्धा लागत नाही. काय चोरीला गेलं, सांगा पाहू?

मोर! साडीच्या पदरावरचा मोर.

सुरतेत अशा मोरांना तोटा नाही. रिंग रोडवरच्या कापडबाजारात मजल्यावर मजले चढलेले आणि दुकानाला लागून दुकान. तिकडे लिंबायत, उधना, डिंडोलीकडे गेलात तर यंत्रमागांचा खडखडाट. त्या खडखडाटात वाढलेली कितीतरी मुलं घरी मराठी नाहीतर अहिराणी बोलतात, कारण त्यांचे आईबाबा किंवा आजोबा धुळे, नंदुरबार, जळगावहून इथे कामाला आले. सुरत महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. तुम्ही त्यातल्या एखाद्या शाळेत असाल, तर हा लेख घरी बाबांनाही वाचून दाखवा. मागाबद्दल माझं काही चुकलं तर ते लगेच पकडतील.

तर मोर. हल्ली तो आधी कापडावर येतच नाही. तो जन्मतो कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. मोराच्या मानेवरचा एक ठिपका समजा लाल ०, हिरवा ११०, निळा १३०. असे लाखो ठिपके झाले की मोर तयार. म्हणजे मोर हा खरं तर आकड्यांची एक लांबलचक यादी आहे.

गंमत पुढेच आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की चित्र फिकं होतं. आकड्याची नक्कल कधी फिकी होते का? ११० ची नक्कल ११०च. पेनड्राइव्हवरून दहा वेळा उतरवा, शंभर वेळा उतरवा, शेवटचा मोर पहिल्याइतकाच ताजा. अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे मोराला स्वतःलाही सांगता यायचं नाही. म्हणून तर त्याची चोरी इतकी सोपी.

आणि ही आकड्यांची भानगड कॉम्प्युटरने आणली असं समजू नका हं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार नावाच्या माणसाने १८०४च्या सुमारास असा माग बनवला, ज्याला नक्षी भोकांतून कळायची. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ मागावर फिरायची. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला खालीच ठेवायचा. भोक आहे, भोक नाही. एक किंवा शून्य. १८३९ मध्ये जॅकारचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या! कॉम्प्युटरचे आजोबा म्हणावेत असे चार्ल्स बॅबेज यांनी ते चित्र हौसेने जवळ ठेवलं होतं. सुरतेत आजही ‘जॅकार्ड’ म्हटलं की मागवाल्यांना लगेच कळतं. फक्त पुष्कळ ठिकाणी पट्ट्यांची माळ गेली आणि फाईल आली.

आता कळीचा प्रश्न. या मोराचा मालक कोण?

ज्याने काढला तो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण अर्धंच. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यानुसार चित्र काढलं त्या क्षणी हक्क आपोआप मिळतो. अर्ज नको, शिक्का नको. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावरच्या राक्षसाचेही हक्क तुमचेच. पण चित्रकार जर कुणाकडे पगारावर असेल आणि नोकरीचं काम म्हणून त्याने मोर काढला असेल, तर वेगळा करार नसताना पहिला मालक ठरतो नोकरी देणारा. मोर काढला एकाने, मालक दुसराच.

याहून मोठं आश्चर्य कलम १५ मध्ये दडलंय. मला अख्ख्या कायद्यात हे कलम सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते चक्क मोजायला बसतं! डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी ती वापरून यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त नग काढले, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. पन्नासाव्या साडीपर्यंत आहे, एक्कावन्नावी साडी निघाली की गेला. सुरतेच्या यंत्रांना एक्कावन्न साड्या काढायला असा कितीसा वेळ लागणार?

मग करायचं काय? तर मोर बाजारात दाखवण्याआधीच डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवायचा. आधी दाखवला तर तो ‘नवा’ राहत नाही आणि नोंदणीचा हक्क जातो. नोंदवला की १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येतं. नुसतं चित्र कुठे संपतं आणि कारखान्यातलं डिझाइन कुठे सुरू होतं, यावर मोठी माणसंही भांडतात. गुजरातमधूनच असा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने हे कसं तपासायचं ते सांगितलं. तो खटला होता नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा. ट्रेलर आणि मोर एकाच कलमात!

आता हे सगळं कॉम्प्युटरला शिकवायचं आहे. मोराची फाईल रोज इकडून तिकडे जाते. प्रत्येक वेळी वकिलाला कोण विचारणार? फाईलनेच सांगायला हवं की मला कोण वापरू शकतं, कशासाठी, किती दिवस. पण कॉम्प्युटरला ‘जरा जपून वापर’ असं सांगून भागत नाही. त्याला हक्काचे सुटे भाग करून द्यावे लागतात.

हे काम १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्क स्टेफिक यांनी सुरू केलं. पुढे रेनाटो इयानेला यांनी ‘ओपन डिजिटल राइट्स लँग्वेज’ म्हणजे ओडीआरएल नावाची हक्कांची भाषा पुढे आणली, आणि वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. नाव भारदस्त आहे, पण व्याकरण तुमच्या पाचवीच्या पुस्तकाहून सोपं. वस्तू कोणती? देणारा कोण, घेणारा कोण? कोणती कृती? मग त्या कृतीला परवानगी आहे, की मनाई? काही अट? आणि बदल्यात काय करायचं? झालं व्याकरण!

आपल्या मोराचा नियम त्या भाषेत साधारण असा होईल: वस्तू, मोराची फाईल. देणारी, चित्रकार ताई. घेणारा, छपाईवाले काका. परवानगी, साडीवर छापणे. अट, ५०० नगांपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. कर्तव्य, दर साडीमागे ठरलेले पैसे देणे. मनाई, फाईल पुढे पाठवणे. काकांनी ५०१वा नग लावला की कॉम्प्युटर म्हणणार, थांबा! बातम्यांच्या फोटोंसाठी अशीच एक भाषा याच ओडीआरएलवरून बनवली आहे. हा फोटो अमुक देशात छापू नका, अमुक तारखेनंतर वापरू नका, असं त्यात लिहून ठेवता येतं.

आणि एका नियमाने ‘छाप’ म्हटलं, दुसऱ्याने ‘छापू नको’, तर? घरी असं झालं की आपण ज्याचं ऐकायचं त्याचंच ऐकतो. ओडीआरएलमध्ये आधीच लिहून ठेवायचं असतं की भांडण झालं तर परवानगी जिंकेल की मनाई. काहीच लिहिलं नाही आणि भांडण झालं, तर सगळा नियमसंच रद्द. कडक आहे ना?

नियमात ठिकाण लिहिणंही फार महत्त्वाचं. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही वाचकांनी आपलं किंडल, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, उघडलं, तर विकत घेतलेलं पुस्तक गायब! अॅमेझॉनने ते दुरूनच पुसून टाकलं होतं आणि पैसे परत केले होते. एका विद्यार्थ्याने पुस्तकात केलेल्या टिपणांचाही त्यात घोटाळा झाला. पुस्तकं होती जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात मात्र हीच पुस्तकं तेव्हा कुणीही छापू शकत होतं! पुढे अॅमेझॉनच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

असं का? कारण हक्क किती वर्षं टिकतात हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात, मग हक्क संपतात. आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क १९९१ अखेर मोकळे होणार म्हटल्यावर मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. आता गणित करा. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेले ऑरवेल जानेवारी १९५० मध्ये गेले. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे आपले साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. म्हणजे ‘१९८४’ आणि ‘श्यामची आई’ ही दोन्ही पुस्तकं भारतात एकाच दिवशी सगळ्यांची झाली, १ जानेवारी २०११ रोजी. अमेरिकेत ‘१९८४’ला अजून २०४४ सरेपर्यंत थांबावं लागेल. असले हिशेब कॉम्प्युटरला जाम आवडतात. साल द्या, देश द्या, उत्तर घ्या.

पण चोराने नियमाची चिठ्ठीच काढून फेकली तर? तेव्हा मोर ओळखावा लागतो. फाईलमधल्या सगळ्या आकड्यांवरून एक ठसा काढता येतो, बोटाच्या ठशासारखा. पण एक ठिपका बदलला तरी हा ठसा साफ बदलतो, आणि चोर एक ठिपका बदलणारच. म्हणून दुसरी युक्ती आहे. ती तुम्ही आलेखाच्या कागदावर करून बघा. ८ गुणिले ८ म्हणजे ६४ चौकोन आखा. मोराचं चित्र डोळे बारीक करून बघा आणि प्रत्येक चौकोनात सरासरीपेक्षा उजेड असेल तर १, अंधार असेल तर ० लिहा. हा झाला मोराचा ढोबळ ठसा. चित्र लहान केलं, थोडं उजळ केलं, तरी फारसा बदलत नाही. दोन ठशांत चार-पाचच आकडे वेगळे निघाले तर समजा, तोच मोर! आता मोराचं तोंड डावीकडून उजवीकडे फिरवा आणि ठसा पुन्हा काढा. फसलात ना? कॉम्प्युटरही तसाच फसतो, मग त्याला उलट्या मोराचाही ठसा वेगळा काढून द्यावा लागतो.

हे झालं मोजण्यासारखं. आता अशा दोन गोष्टी, जिथे हे सगळे सुटे भाग कमी पडतात.

पहिली म्हणजे, कायदाच म्हणतो की स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा टीका करण्यासाठी दुसऱ्याच्या कामाचा रास्त वापर चालतो, आणि शिकताना-शिकवताना शिक्षकांना आणि मुलांना त्याची नक्कलही करता येते. पण रास्त म्हणजे किती? इथे पन्नास-एक्कावन्न नाही. तुम्ही मोर शिकायला उतरवला की विकायला, हे फाईलला कसं कळणार? तिला दोन्ही वेळा ‘नक्कल’ एवढंच दिसतं.

दुसरी गोष्ट पैठणीची. पैठणीच्या पदरावरचा मोर कुणी काढला? नाव नाही, साल नाही. देणारा कोण, या चौकटीत लिहायचं तरी काय? तो मोर पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या येवल्या-पैठणच्या विणकरांचा, म्हणजे कुणा एकाचा नाहीच. मोर कुणीही काढावा. पण ‘पैठणी’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्या नावाचा हक्क त्या भागातल्या विणकरांचा. सुरतेच्या यंत्रमागावर पैठणीसारखी साडी झपाट्याने निघते, स्वस्तही पडते, आणि येवल्याचे हातमागवाले त्यावर चिडतात. मला त्यांचं चिडणं पटतं. सुरतेची साडी वाईट आहे असं मुळीच नाही, पण सहावारी कष्टाचं नाव फुकट कसं वापरायचं?

पण थांबा, सुरतेला नुसतं चोर ठरवू नका. येवल्याच्या खऱ्या पैठणीचा पदर ज्या जरीने चमकतो, ती पुष्कळदा सुरतेहूनच येते! चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची, चपटी करायची, धाग्यावर गुंडाळायची आणि सोन्याचं पाणी चढवायचं, हे सुरतेचं पिढीजात काम. त्या जरीलाही स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ‘सुरती जरी’ म्हणून कुणी भलतंच विकलं तर सुरतेचे जरीवाले येवलेकरांइतकेच चिडणार. एकाच साडीत एका गावाचा मोर आणि दुसऱ्या गावाची चमक! ओडीआरएलला गटही लिहिता येतो. पण त्या गटात कोण कोण, हे आधी माणसांनीच ठरवायला लागतं.

आणि नियमाची चिठ्ठी काढून फेकणाऱ्या त्या चोराचं काय? २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दोन नवी कलमं आली. डिजिटल कुलूप हक्क बुडवायच्या हेतूने फोडणं हा गुन्हा झाला, आणि फाईलवर लिहिलेली मालकाची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून पुसणं हाही. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण पुसायला आधी काहीतरी लिहिलेलं तर हवं! तेव्हा पुढच्या वेळी तुमचं चित्र शाळेच्या ग्रुपवर पाठवाल, तेव्हा खाली कोपऱ्यात तीन गोष्टी लिहा: तुमचं नाव, साल, आणि ते कुणी कशासाठी वापरलेलं तुम्हाला चालेल.