डीसी वीज तोडायची कशी?

मंडळी, घरात वीज तोडणं म्हणजे बटण बंद करणं. पाच लाख व्होल्टच्या लाइनवर मात्र नुसते संपर्क दूर केले की प्रवाह थांबत नाही. मधल्या फटीत आर्क पेटतो, म्हणजे झगझगीत ठिणगीची कमानच, आणि वीज तिच्यातून वाहत राहते.

आपल्या नेहमीच्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा आपणहून शून्यावर येतो. ब्रेकरने फक्त तो क्षण साधायचा, आर्क विझतो. डीसी प्रवाह असा शून्यावर येत नाही. तिथे शून्य आपल्याला घडवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग चंद्रपूर ते पडघे ही डीसी लाइन १९९९ पासून चालते ती कशी? ७५२ किलोमीटर लांब, १५०० मेगावॉट क्षमतेची! तर तिला टोकं दोनच आहेत. तारेवर बिघाड झाला की टोकाच्या केंद्रातल्या थायरिस्टरांचं नियंत्रण बदलून प्रवाह शून्यावर आणता येतो.

पण अशा लाइनींचं जाळं विणलं तर? आपला हातखंब्याचा तिठा बघा. पालीच्या बाजूला झाड पडलं म्हणून निवळीहून रत्नागिरीला जाणारी गाडी कुणी अडवत नाही. तेवढीच बाजू बंद करायची. जाळ्यातही बिघडलेली एकच लाइन तोडायची असते, आणि तीही काही मिलिसेकंदांत, कारण डीसी जाळ्यात बिघाडाचा प्रवाह फार झपाट्याने चढतो.

एबीबी कंपनीने २०१२ साली यावर हायब्रिड ब्रेकर पुढे आणला. त्यात दोन वाटा असतात. एरवी वीज यांत्रिक स्विचच्या वाटेने जाते, त्यामुळे नासाडी कमी. बिघाड झाला की प्रवाह शेजारच्या इलेक्ट्रॉनिक वाटेवर ढकलतात. यांत्रिक स्विच मग आर्क न होता उघडतो आणि लगेच इलेक्ट्रॉनिक वाटही बंद होते. लाइनमध्ये साठलेली ऊर्जा जाणार कुठे? ती सर्ज अरेस्टर शोषून घेतात, आणि प्रवाह शून्यावर येतो. हे सगळं सुमारे ५ मिलिसेकंदांत!

चीनमध्ये झांगबेईला २०२० साली चार टोकांचं ५०० किलोव्होल्टचं डीसी जाळं सुरू झालं, तेही डीसी ब्रेकर बसवून. वारा आणि उन्हाची वीज त्यातून बीजिंगकडे जाते. हे ब्रेकर महाग आणि अवाढव्य असतात, हे खरं. पण ते नसतील, तर एका तारेच्या बिघाडापायी अख्खं जाळं बंद पडेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.