पडझड वाचून भूकंप मोजतात तो असा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माळवदं कोसळली. दूर मुंबईतही धक्का जाणवला. भूकंपाची शक्ती एकच, सुमारे ६.२. तीव्रता मात्र गावागणिक निराळी. ढोल एकच, पण जवळच्याचे कान बसतात आणि लांबच्याला नुसता ठेका ऐकू येतो, तसंच हे.

ही तीव्रता १ ते १२ अशा पायऱ्यांत ठरवतात, तीही यंत्राविना. हे शिकवताना वर्गात मुलांना गावोगावच्या नोंदी द्याव्यात: टांगलेला दिवा हलला? फडताळातली भांडी पडली? गिलाव्याला तडे गेले, की भिंतच ढासळली?

खरी गोम पुढे आहे. घर कसलं होतं, हे विचारल्याशिवाय आकडा द्यायचा नाही. किल्लारीच्या जाड भिंती दगड-मातीच्या, वर मातीचं जड छत. अशी घरं मध्यम धक्क्यालाही बसतात. पण सळई-सिमेंटचं घर पडलं, तर पायरी बरीच वर जाते. नुसती पडलेली घरं मोजणारा हमखास फसतो.

मग नकाशावर आकडे मांडून समान तीव्रतेची गावं रेषेनं जोडायची. सर्वांत आतला वेढा बहुधा केंद्राजवळचा असतो. एखादा वेढा मध्येच फुगला, तर तिथली जमीन भुसभुशीत आहे का, ते आधी तपासावं.